बुडावरचा आकडा : इनुइट शिल्पाचा कर्ता आणि दगड कसा ओळखतात

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांचे (पूर्वी त्यांना एस्किमो म्हणत) दगडी शिल्प हातात आले की जाणकार माणूस ते आधी उलटे करतो. सील असो, अस्वल असो की पाठीवर पोर घेतलेली आई असो, चेहरा नंतर बघायचा. बुडाशी टोकदार हत्याराने खरवडलेली एक ओळ असते. आधी एक इंग्रजी अक्षर, त्याला लागून एक आकडा, मग आडवी रेघ, मग तीन-चार आकडे. ओळीची सुरुवात बहुधा ‘ई ७’ किंवा ‘ई ९’ अशी असते. शेजारी कोन, कमानी आणि वाकड्या रेघांची आणखी एक रांग असते. घेणाऱ्याला हा दुकानातला मालाचा नंबर वाटतो. प्रत्यक्षात तो माणसाचा नंबर आहे, आणि शिल्प कोणाचे हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच्याशीच येऊन थांबतो.

दगड कोरणे उत्तरेत नवे नाही. सीलच्या चरबीवर जळणारा ‘कुल्लिक’ हा दिवा आणि स्वयंपाकाची भांडी मऊ दगडातून शेकडो वर्षे होत आली. पण फळीवर ठेवायचे, विकायचे शिल्प ही गोष्ट १९४८-४९ची आहे. हडसनच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या एका तरुण चित्रकाराला तिथल्या शिकाऱ्यांनी कोरलेल्या छोट्या आकृती मिळाल्या. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलच्या एका हस्तकला संस्थेने त्या विक्रीला मांडल्या आणि तीन दिवसांत सगळा माल संपला. पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे भाव तेव्हा पडले होते आणि किनाऱ्यावरच्या वस्त्यांना रोख पैशाची फार गरज होती. सरकारने हात दिला आणि दोन-चार वर्षांत गावोगाव कोरीवकाम सुरू झाले. त्या पहिल्या काळातल्या पुष्कळ कामांवर कसलीही सही नाही. शिकाऱ्याला आपल्या कामावर नाव घालायची सवय नव्हती आणि घ्यायला आलेल्यांनीही ते विचारले नाही.

त्यांच्याकडे नंबर मात्र आधीपासून होता.

१९४१च्या जनगणनेपासून कॅनडा सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला एक चकती दिली. तपकिरी, नाण्याएवढी, दोऱ्यात ओवायला भोक असलेली. एका बाजूला मुकुट आणि कडेने ‘एस्किमो आयडेंटिफिकेशन कॅनडा’ ही अक्षरे, दुसऱ्या बाजूला क्रमांक. ती गळ्यात घालावी किंवा कपड्याला शिवून टाकावी अशी अपेक्षा होती. पुढे पूर्वेकडच्या विभागांना ‘ई’ आणि पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’ लागले, आणि विभागाचा आकडा जोडला गेला. ‘ई ७’ म्हणजे बॅफिन बेटाचा दक्षिण भाग, ‘ई ९’ म्हणजे हडसन उपसागराचा क्वेबेककडचा किनारा, ‘ई २’ म्हणजे बेकर लेक, ‘ई १’ म्हणजे आर्वियाट आणि रँकिन इनलेटची बाजू. अलास्का आणि ग्रीनलंडमध्ये ही पद्धत नव्हती, त्यामुळे असा आकडा दिसला तर शिल्प कॅनडातले समजायचे.

हे करायची वेळ का आली? सरकारच्या मते नावांचा घोळ होता म्हणून. माणसाला एकच नाव, आडनाव नाही. तेच नाव मिशनरी एका तऱ्हेने लिहिणार, पोलीस दुसऱ्या आणि फरचा व्यापारी तिसऱ्या. त्याआधी बोटांचे ठसे घेऊन पाहिले होते, पण ते जमले नाही. नोंदवहीच्या बाजूने पाहिले तर अडचण खरी होती. पण ज्याला घोळ म्हटले तीच तिथल्या समाजाची घडी होती. नुकत्याच गेलेल्या माणसाचे नाव जन्मलेल्या बाळाला देतात, मग ते बाळ मुलगा असो की मुलगी. नावाबरोबर नातेही येते. मृत आजीचे नाव मिळालेल्या नातवाला त्याचा बाप ‘आई’ म्हणून हाक मारू शकतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे थोडेफार उमजेल, फक्त तिथे ते कितीतरी खोल जाते. अशा नावाला बापाचे किंवा नवऱ्याचे शेपूट लावणे म्हणजे नात्यांचे सगळे जाळे सपाट करणे. चकतीने नाव बदलले नाही, त्याला बगल दिली. कुटुंबभत्ता, दवाखाना, जहाजावरची तपासणी, सगळीकडे नंबर विचारला जाऊ लागला.

याबद्दल उत्तरेत आजही दोन सूर ऐकू येतात. कोणी म्हणते, कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला होता तो. कोणी म्हणते, माझा नंबर माझाच होता, त्यात लाज कसली. दोन्ही सूर खरे आहेत. मला मात्र सरकारची सोय हे कारण पुरेसे वाटत नाही. देशात इतर कोणत्याही समाजाला गळ्यात नंबर बांधायला सांगितले नव्हते.

कोरणाऱ्यांनी तोच नंबर दगडावर सही म्हणून वापरला आणि त्यामुळे पुढचा इतिहास फिरला. १९६८ ते १९७१ या काळात कॅनडाच्या वायव्य प्रदेशात (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) घरोघर जाऊन चकतीच्या नंबराऐवजी आडनावे नोंदवली गेली. हे काम एका इनुइट माणसाकडेच सोपवले होते. तरी घाई झाली. कोणी बापाचे नाव आडनाव म्हणून घेतले, कोणी आजोबांचे, सख्ख्या भावांची आडनावे वेगळी पडली, बाहेर गेलेल्यांची घरच्यांनी परस्पर नोंदवली. त्यामुळे १९६० साली एका नावाने कोरणारा माणूस १९७५ साली वेगळ्या जोडनावाने सापडतो, शिवाय त्या जोडनावाचे रोमन लिपीत चार प्रकारे स्पेलिंग होते. आकडा तेवढा बदलत नाही. म्हणून संग्रहालयांच्या याद्या अजूनही त्या आकड्यांवर उभ्या आहेत, आणि बरेच वयस्कर कलावंत चकती गेल्यानंतरही तोच आकडा कोरत राहिले.

आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. ठिसूळ दगडावर ३ आणि ८, १ आणि ७ सहज एकमेकांसारखे दिसतात. कधीकधी हस्ताक्षर कोरणाऱ्याचे नसून खरेदी करणाऱ्याच्या माणसाचे असते. चिकटवलेल्या कागदावरचा आकडा तर वस्तूचा असतो, माणसाचा नव्हे.

त्या दुसऱ्या ओळीतल्या कोन-कमानी म्हणजे इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेची लिपी. १८४०च्या सुमारास एका मिशनऱ्याने ती मुळात क्री या कॅनडातल्याच आदिवासी लोकांसाठी बसवली आणि नंतर ती उत्तरेत पोचली. तिच्या मांडणीमागे लघुलिपीइतकीच देवनागरीचीही प्रेरणा असावी, असे लिपीच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपण ‘प’ला काना किंवा वेलांटी लावतो, तिथे अक्षरच फिरवतात. कोनाचे टोक वर असले तर ‘पि’, उजवीकडे असले तर ‘पु’, डावीकडे असले तर ‘पा’. त्यामुळे शिल्प उलटे धरून नाव वाचले की ‘पा’चा ‘पु’ होतो आणि भलताच माणूस समोर येतो. त्यात शब्दाच्या शेवटची छोटी व्यंजनचिन्हे जुने लोक अनेकदा लिहीतच नसत. मग एका सहीतून तीन नावे निघतात, आणि त्यांपैकी बरोबर कोणते ते पुन्हा आकडाच सांगतो.

गावांची नावेही बदलली आहेत. जुन्या चिठ्ठीवर फ्रोबिशर बे असेल तर ते १९८७पासून इकालुइट, एस्किमो पॉइंट असेल तर १९८९पासून आर्वियाट, लेक हार्बर असेल तर १९९६पासून किम्मिरुत. केप डॉर्सेटला अलीकडे अधिकृतपणे किंगाइट म्हणतात.

आता दगड. दुकानात सगळ्यालाच ‘सोपस्टोन’ म्हणतात. सोपस्टोन म्हणजे आपला शंखजिऱ्याचा दगड, टाल्कम पावडरमधल्या खनिजाचा. नखाने ओरखडा उठतो, बोटाला साबणासारखा गुळगुळीत लागतो. पण किंगाइटचा तो तुकतुकीत हिरवा, पिवळ्या-काळ्या शिरांचा दगड बहुतेक वेळा सर्पेंटाइनचा असतो. त्यावर नख चालत नाही, पोलादी सुरी चालते, आणि तो झिलई धरतो. त्याच्यात मॅग्नेटाइटचे कण असले तर चुंबकही किंचित ओढला जातो. हडसन उपसागरातल्या बेटावरच्या सानिकिलुआक गावाचा गडद, बारीक कणांचा दगड अर्जिलाइट, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाचा दगड आहे. आर्वियाट आणि रँकिनचा करडा-काळा दगड इतका कठीण असतो की बारीक तपशील काढणे जिवावर येते. तिथल्या आकृती ओबडधोबड, जेमतेम चेहरा उमटलेल्या असण्यात दगडाचाही वाटा आहे. पांढरा संगमरवरही कोरला जातो. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फेस येतो, पण हा प्रयोग शिल्पावर कोणी करू नये.

‘सोपस्टोन’ हा शब्द असा ऐसपैस वापरण्याची सवय फक्त तिकडची नाही. बेलूर-हळेबीडच्या मंदिरांचा दगडही वाटाडे सोपस्टोन म्हणूनच सांगतात आणि भूवैज्ञानिक त्याला क्लोराइटयुक्त शिस्ट म्हणतात. शिल्पाच्या बाबतीत हा सैलपणा महागात पडतो, कारण दगडावरून खाण आणि खाणीवरून गाव कळते.

मागणी वाढली तशा नकला आल्या. राळेत दगडाची भुकटी मिसळून साच्यात ओतलेले अस्वल हाताला कोमट लागते, वजनाला हलके असते आणि पोटाखाली साच्याची बारीक रेघ दिसते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने इग्लूचे चित्र असलेला टॅग काढला तो यासाठीच. २०१७पासून तो इनुइट कलेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडे आहे. टॅग मात्र दोऱ्याने बांधलेला असतो. धूळ पुसताना तुटतो, कचऱ्यात जातो, आणि मग उरतो फक्त बुडावरचा आकडा.

कधी आकडा एक सांगतो आणि दगड दुसरेच. १९५०च्या दशकात क्षयाची साथ इतकी पसरली होती की १९५६च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या इस्पितळात होता. जहाजावर तपासणी व्हायची, छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की माणूस तिथूनच नेला जायचा, आणि घरी परतायला वर्षे लागायची. दक्षिणेतल्या हॅमिल्टन शहराच्या क्षयरुग्णालयात अशा रुग्णांनी खाटेवर बसून कोरीवकाम केले. दगड जो मिळेल तो. तेव्हा ‘ई ७’ असूनही दगड बॅफिनचा नसेल, तर त्याला लगेच खोटा ठरवू नये. आकडा धरून माणसापर्यंत जावे आणि त्या वर्षांत तो कुठल्या खाटेवर होता ते शोधावे.