बास्क लोक एवढे क्वायरमध्ये का गातात? हेसुस गुरिदींच्या निमित्ताने थोडा मागचा इतिहास

बोगा बोगा नावाचं एक बास्क लोकगीत आहे, नाविकांचं. वल्हव रे, लांब जायचंय, इंडीजला जायचंय, आणि हा सुंदर किनारा आता परत दिसायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंडीज म्हणजे आपला देश नव्हे, अमेरिका. रचलं कोणी ते कोणालाच माहीत नाही, पण क्वायरमध्ये ते ज्या रूपांत गातात त्यातलं एक अतिशय गाजलेलं रूप बास्क संगीतकार हेसुस गुरिदींनी बांधलंय. खालून बास आवाज वल्ह्यासारखे लयीत येत राहतात आणि वर चाल तरंगते. हेडफोन लावून एकदा ऐकाच. मी ते ऐकलं आणि मग हा माणूस कोण, हे लोक असे गटागटाने का गातात, हे शोधत बसलो, त्यातून हे सगळं लिहितोय.

आधी जागा समजून घेऊ. स्पेनच्या उत्तरेला आणि फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, पिरेनीज डोंगर समुद्राला भिडतो तिथे बास्क लोक राहतात. त्यांची भाषा एउस्कारा, जिचं आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं नाही. (जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात ज्यांचं पार्थिव आहे ते फ्रान्सिस झेवियर ह्याच मुलखातले, नवारमधले, आणि एउस्कारा ही त्यांची मातृभाषा.) ह्या लोकांचे पिढ्यानपिढ्या चालत आलेले स्थानिक हक्क होते, फुएरोस म्हणतात त्यांना, ते 1876 मध्ये तिसऱ्या कार्लिस्ट युद्धानंतर (स्पेनच्या गादीच्या वारशावरून झालेलं युद्ध) स्पेन सरकारने काढून घेतले. त्याआधीच, 1853 मध्ये, इपारागिरे नावाच्या एका भटक्या गायकाने माद्रिदच्या एका कॅफेत गेर्निका ह्या बास्क गावातल्या ओक झाडावरचं गाणं गायलं होतं, ज्या झाडाखाली हे हक्क पाळायची शपथ घेतली जायची. ते गाणं पुढे जवळपास राष्ट्रगीतच झालं. ते सोर्त्सिको लयीत आहे, पाच मात्रांची लय, आपल्या झपतालाचा अर्धा भाग मनात धरला तर अंदाज येतो.

म्हणजे हक्क गेले, भाषा शाळेबाहेर राहिली, आणि गाणं हातात उरलं. त्याच काळात फ्रान्समधून आणि कातालोनियातून एक लाट आली होती, ऑर्फेऑनची. कामगार, दुकानदार, कारकून अशा साध्या लोकांनी संध्याकाळी जमायचं, नोटेशन वाचायला शिकायचं आणि चार आवाजांत गायचं. पाम्प्लोनात 1865 मध्ये असा क्वायर सुरू झाला, बिल्बाओची सोसिएदाद कोराल 1886 ची, सान सेबास्तियानचा ऑर्फेऑन दोनोस्तियारा 1897 चा. तिन्ही अजून गातायत! सुरुवातीला सगळा पुरुषांचा मामला होता, बायकांचे आवाज नंतर आले. माझ्या मते ह्या सगळ्यात क्वायर ही संगीताची शाळा होती ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ज्याला पियानो परवडत नव्हता त्याचा गळा तर फुकट होता, आणि तो तयार करायला फक्त एक चांगला शिक्षक लागायचा.

तर असा एक शिक्षक म्हणजे गुरिदी. जन्म 25 सप्टेंबर 1886, विटोरियाचा. घरच संगीतातलं, पणजोबा निकोलास लेदेस्मा हे बिल्बाओतले नावाजलेले ऑर्गनवादक. मुलगा बिल्बाओत शिकला आणि 1904 मध्ये पॅरिसला स्कोला कान्तोरम ह्या संगीतशाळेत गेला, जिथे संगीतकार व्हँसाँ दँदी शिकवायचे आणि जुनं चर्चसंगीत आणि लोकगीतं ह्या दोन्हींना मान होता. तिथे सान सेबास्तियानचा संगीतकार उसांदिसागा भेटला, दोघांची घट्ट मैत्री झाली. 1910 मध्ये बिल्बाओच्या सोसिएदाद कोरालने एउस्कारातली संगीत नाटकं रंगमंचावर आणायचं ठरवलं तेव्हा दोघांचीही कामं त्यात होती, गुरिदींचं मिरेंचू आणि उसांदिसागाचं मेंदी मेंदियान. एका हौशी क्वायरने स्वतःच्या भाषेतला ऑपेरा उभा करायची हिंमत केली ह्याचं मला फार कौतुक वाटतं. उसांदिसागा बिचारा 1915 मध्येच गेला, तिशीही गाठली नाही.

1912 मध्ये गुरिदी त्याच सोसिएदाद कोरालचे डायरेक्टर झाले आणि सुमारे दीड दशक तिथे राहिले. शिवाय बिल्बाओच्या सान्तियागो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, कॉन्झर्व्हेटरीत शिकवायचे, आणि ह्या सगळ्यातून वेळ काढून अमाया हा ऑपेरा (1920) आणि एल कासेरियो ही सारसुएला, म्हणजे स्पॅनिश संगीत नाटक (1926), लिहिली. कासेरियो म्हणजे बास्क डोंगरातलं शेतघर. पण मला त्यांचं खरं काम वाटतं ते लोकगीतांचं. एखादी आजी चुलीपाशी बसून जे एकट्याने गुणगुणायची ते सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांत असं बसवायचं की मूळ चाल दबता कामा नये, हे सोपं नाहीये. बरेच लोक अशा वेळी हार्मनी एवढी भरतात की गाणं त्याखाली गुदमरतं. गुरिदी चालीच्या मागे मागे राहतात.

ह्या चाली त्यांच्यापर्यंत आल्या कशा हेही सांगायला हवं. पाद्री आस्कुए, लेकेइतिओचे, हे गावोगाव फिरून गाणी लिहून घ्यायचे. (1888 मध्ये बिल्बाओत एउस्कारा शिकवायच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांत पुढे लेखक म्हणून गाजलेले उनामुनो आणि बास्क राष्ट्रवादी नेते साबिनो अराना होते, आणि निवड झाली ती आस्कुएंची.) त्यांच्या संग्रहात 1001 गाणी आहेत. दुसरे कापुचिन पाद्री आइता दोनोस्तिया, नवारमधल्या लेकारोसच्या शाळेत शिकले आणि तिथेच संगीत शिकवायचे, त्यांचा संग्रह 1921 चा, 393 गाण्यांचा. म्हणजे गोळा करणारे वेगळे, बांधणारे वेगळे, गाणारे वेगळे, पण सगळे एकमेकांना ओळखणारे.

मग स्पेनचं यादवी युद्ध. 26 एप्रिल 1937 ला गेर्निकावर बॉम्ब पडले, जूनमध्ये बिल्बाओ पडलं. बास्क सरकारचे प्रमुख आगिरे ह्यांनी त्या धामधुमीत काय करावं, तर गाब्रिएल ओलाइसोला ह्यांना सांगितलं की निर्वासितांमधून क्वायर उभा करा! नाव एरेसोइन्का. सीमेपलीकडच्या सारा गावात सराव झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॅरिसच्या साल प्लेयेलमध्ये पहिला मोठा कार्यक्रम. 1939 पर्यंत ते युरोपात गात फिरले. त्यात पेपिता एम्बिल नावाची गेतारियाची सोप्रानो होती, प्रसिद्ध ऑपेरा गायक प्लासिदो दोमिंगो हा तिचा मुलगा. आइता दोनोस्तियाही फ्रान्समध्ये परागंदा होते, 1943 मध्ये परतले.

गुरिदी 1939 नंतर माद्रिदला होते. युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत एउस्कारा सार्वजनिक जागेतून हाकलली गेली होती. 1940-41 च्या सुमारास त्यांनी दहा बास्क चाली ऑर्केस्ट्रासाठी लिहिल्या, आस्कुएंच्या संग्रहातल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण आज ऐकताना मला तरी जाणवतं की शब्द नाहीत, फक्त चाली आहेत, आणि ज्याला ते गाणं घरून पाठ होतं त्याने ते शब्द मनातल्या मनात म्हटलेच असणार. 1944 पासून ते माद्रिद कॉन्झर्व्हेटरीत ऑर्गन शिकवायचे, 1956 मध्ये तिथले डायरेक्टर झाले, आणि 7 एप्रिल 1961 ला माद्रिदमध्येच वारले.

गावाकडे गाणं चर्चच्या क्वायरमध्ये आणि ओचोतेमध्ये टिकून राहिलं. ओचोते म्हणजे आठ पुरुषांचा गट, ही बास्क लोकांची खास आवड. 1969 मध्ये, फ्रँको अजून जिवंत असतानाच, तोलोसात क्वायरची स्पर्धा सुरू झाली, जिथे आता जगभरातून गट येतात. 1978 मध्ये ओन्दारिबियात खाविएर बुस्तोंनी एस्किफाइया क्वायर काढला. बुस्तो शिक्षणाने डॉक्टर, संगीत बरंचसं स्वतःच शिकलेले, आणि त्यांची गाणी आज कुठल्या कुठल्या देशांतले क्वायर गातात. ऑर्फेऑन दोनोस्तियारा मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांबरोबर गातो, पण त्यातले गायक आजही हौशीच आहेत, दिवसभराचं काम आटपून सरावाला येणारे.