सावत्याचा मळा, चोख्याची भिंत आणि लोखंड्यांचा रविवार

जानेवारी २०२५मध्ये एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचं बोलणं बाहेर फुटलं. आठवड्याला नव्वद तास काम करा, रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याचाच मला खेद होतो, घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघत बसणार, असा त्याचा आशय. त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये सत्तर तासांचा सल्ला येऊन गेलाच होता. दोन्ही वेळा आपल्याकडे वाद रंगला आणि दोन्ही वेळा तीच दोन वाक्यं ऐकू आली. एका बाजूचं, ‘काम हीच पूजा’. दुसऱ्या बाजूचं, ‘कामापलीकडेही आयुष्य असतं’. दोन्ही वाक्यं इथल्या मातीत बरीच जुनी आहेत. फक्त ती निरनिराळ्या माणसांच्या तोंडून आली, हे वादात निसटून जातं.

पहिल्या वाक्याचा उगम शोधत गेलं की आपण तेराव्या शतकात, सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी सावता माळ्याच्या मळ्यात पोचतो. ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’. पंढरपूर एवढं जवळ, पण सावता तिकडे गेला नाही, विठ्ठलच त्याच्याकडे आला, अशी वारकरी श्रद्धा आहे. सेना न्हाव्याने वस्तऱ्याच्या धंद्यातच अध्यात्म मांडलं. ‘आम्ही वारीक वारीक, करू हजामत बारीक’ म्हणत त्याने गिऱ्हाइकापुढे विवेकाचा आरसा धरला आणि वैराग्याचा चिमटा हलवला. हे सगळं गोड आहे आणि खरंही आहे. मात्र सावत्याच्या मळ्यावर मुकादम नव्हता. खुरपं कधी खाली ठेवायचं आणि अभंग कधी म्हणायचा, हे त्याचं तो ठरवत असे. कामात देव सापडायला ही एवढी मोकळीक लागते की काय, असं वाटून जातं. तेरच्या गोरा कुंभाराच्या कथेत तर तल्लीनतेची किंमतही सांगितली आहे. नामात रंगून चिखल तुडवताना स्वतःचं मूल पायाखाली आलं, तरी त्याला कळलं नाही. परंपरेने शेवटी ते मूल जिवंत करून दिलं, पण मधली ओळ गाळली नाही.

आणि मग मंगळवेढ्याची भिंत. गावकुसाच्या बांधकामासाठी महारांना वेठीला धरून नेलं, त्यात चोखामेळाही होता. १३३८ साली ते कूस कोसळलं आणि मजूर त्याखाली गाडले गेले. नामदेव हाडं गोळा करायला गेले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाम ऐकू आलं ती चोख्याची, अशी त्यांनी ओळखली म्हणतात. पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्याची समाधी आहे. ‘काम हीच पूजा’ ची पाटी कचेरीत लावणाऱ्यांना सावता आठवतो. चोखा आठवत नाही. त्याचं नाम खरं होतं, पण ती भिंत त्याची नव्हती.

भिंत कुणाची, हा प्रश्न पुढे मुंबईच्या गिरण्यांत हजारो माणसांना एकदम पडला. शहरातली पहिली कापडगिरणी १८५४ची. पुढच्या तीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि घाट-कोकणातून माणसं येत राहिली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो लहान मुलांपुरता, मोठ्या माणसांच्या तासांना त्याने हात लावला नाही. आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सणवाराला यंत्रं थांबत, पण थांबलेली यंत्रं पुसायला पुन्हा माणसंच बोलावली जात. गावाकडे पाऊस होता, अमावस्या होती, जत्रा होती. काम तिथेही मरणाचं, पण ते ऋतूप्रमाणे सैल-घट्ट होई. इथे भोंगा होता.

नारायण मेघाजी लोखंडे या गिरणीच्या जगातलेच. जन्म १८४८चा, काही काळ गिरणीत नोकरी, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि १८८०पासून ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात काढलेलं होतं. सप्टेंबर १८८४मध्ये लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांवर सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर इतक्या साध्या की अंगावर काटा येतो. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची काही सोय. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावाने ते सगळं चालवत. रूढ अर्थाने ती संघटना होती का, यावर अभ्यासक वाद घालतात. वर्गणी नव्हती, सभासदांची वही नव्हती, हे खरं. पण हजारो माणसांनी तिच्या नावाखाली सह्या आणि अंगठे दिले, हेही खरं.

रविवारच का? साहेबाच्या चर्चचा वार म्हणून, हे एक उत्तर. मराठी माणसांत जास्त सांगितलं जातं ते दुसरं. रविवार हा खंडोबाचा वार, जेजुरीच्या देवाला मानणाऱ्या कामकऱ्याला तो दिवस हवा. सुट्टी आराम करायला असते, या आजच्या समजुतीपेक्षा हे कारण निराळं आहे. सहा दिवस धन्याच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, गेल्यावर सातव्या दिवशी माणसाला आपला देव, आपलं गाव, आपली पंगत हवी होती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन कामगार बायका त्या गर्दीपुढे उभ्या राहून बोलल्या. त्यांचं भाषण शब्दशः मिळालं असतं तर मी या मजकुरातलं बरंच काही आनंदाने कापलं असतं. पुढे १० जून १८९०ला गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या कायद्याने तिला सरकारी शिक्का मिळाला.

त्याच १८९०मध्ये घडलेली आणखी एक गोष्ट या विषयात सहसा येत नाही, पण माझ्या मते ती मधोमध हवी. लोखंडे आणि त्यांच्या सत्यशोधक साथीदारांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. सेना न्हाव्याला हजामतीत देव दिसला. या न्हाव्यांना एका हजामतीत पाप दिसलं आणि त्यांनी वस्तरा खाली ठेवला. आपल्या धंद्याचा एवढा आदर की त्यातलं एक काम करायचंच नाही, हेही कामातला अर्थ शोधणंच झालं.

हाच धागा पुढे बाबासाहेब आंबेडकरांकडे फार धारदार झालेला दिसतो. १९२७च्या महाडपासून ते आपल्या माणसांना सांगत होते की मेलेली गुरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा. १९२८मध्ये मुंबई कौन्सिलात त्यांनी महार वतनात सुधारणा करणारं विधेयक मांडलं, कारण त्या वतनाच्या तुटपुंज्या जमिनीपायी माणूस रात्रंदिवस गावाच्या हाकेला बांधला जात होता. १९३६मध्ये त्यांनी मांडलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमविभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. जन्माने गळ्यात पडलेल्या, जगाने हलक्या ठरवलेल्या कामात मन कसं लागेल आणि कौशल्य तरी कसं येईल, असा त्यांचा सवाल होता. कामावर प्रेम करा असं सांगणाऱ्याने आधी या सवालाला उत्तर द्यावं. मला तरी ते कुणाकडून समाधानकारक मिळालेलं नाही.

टिळकांचा रस्ता वेगळा. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ला छापून आलं. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, ते लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी, करत राहायचं, हा त्याचा गाभा. शिकलेल्या मराठी मध्यमवर्गाला या पुस्तकाने नोकरी, शिक्षकी, समाजकार्य यांसाठी एक तत्त्वज्ञान पुरवलं. पण कर्मयोगाचा धडा, टिळक तुरुंगात गेले तेव्हाच, गिरणगावाने पुस्तकाच्या आधी गिरवला होता, असं मी म्हणेन. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्यास्ताची जुनी हद्द संपली आणि दिवस चौदा तासांच्या पुढे ताणला गेला. तेच दमलेले लोक जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच साचे बंद करून सहा दिवस बाहेर बसले, एका वर्षाला एक दिवस. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. खाडा पडला, पैसे बुडाले, गोळीबारही झाला.

मिळालेल्या सुट्टीत या लोकांनी काय केलं, त्याचा पसारा मोठा आहे. एकेका गावाची मुंबईत खोली असे. पाळीप्रमाणे झोपणारी माणसं, कोपऱ्यात ट्रंका, भिंतीला मृदंग. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब महिन्याचा. गावकरी मंडळ गावच्या देवळासाठी वर्गणी काढी, शाळेची कौलं बदली, मयताला पैसे पाठवी. भजन, लेझीम, कोकणातले नमन आणि शक्ती-तुरा हे लोककलेचे खेळ, आखाडे, गणेशोत्सव. सोशल सर्व्हिस लीग ही ना. म. जोशींनी १९११मध्ये काढलेली संस्था. तिने परळला १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभारलं, तिथे कामगारांनी नाटकं बसवली. त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात दिवसभर ‘बदली’ म्हणून उभा असलेला माणूस रात्री रंगमंचावर राजा होई. अण्णाभाऊ साठे, नारायण सुर्वे ही याच वस्तीतून वर आलेली माणसं. बदली कामगाराला रोज सकाळी गेटवर काम मिळेलच याचा भरवसा नसे, पण मंडळाच्या भजनात त्याची जागा पक्की होती.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा झालीच नाही, तो विरत गेला आणि गिरण्याही एकेक करून बंद झाल्या. त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलताना जुने कामगार पैशाइतकंच आणखी एका गोष्टीबद्दल बोलतात. भोंगा बंद झाला तरी पहाटे जाग यायची आणि कुठे जायचं ते कळायचं नाही. ज्या साच्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याच्यावर हात किती बसला होता हे तो थांबल्यावर कळलं. या माणसांना सावत्याचा अभंग कुणी ऐकवला नव्हता आणि गिरणी कधीच त्यांची नव्हती. तरी कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा तो कारागीर आपल्या खात्याचं, आपल्या नंबराचं नाव अभिमानानेच घेई. हे कोडं मी सोडवायला बसत नाही.

गावकरी मंडळं मात्र बरीचशी टिकली. नमनाचे प्रयोग मुंबईत अजून होतात, बोर्डावर गावाचं आणि वाडीचं नाव लागतं. नाचणाऱ्या पोरांत गिरणी कामगारांचे नातू असतात. त्यांतली काही लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्याच मॉलमध्ये कामाला आहेत. मॉलमध्ये गर्दी रविवारी असते, त्यामुळे त्यांची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी पडते, आणि एकाची मंगळवारी तर दुसऱ्याची गुरुवारी. तालमी मग रात्री अकरानंतर लागतात, शेवटची लोकल सांभाळून.