क्लोरीनची टेस्ट वेगळी, जिवाणूंची टेस्ट वेगळी

रोज क्लोरीन बघतोच ना आपण, मग ती जिवाणूंची टेस्ट वेगळी कशाला, हा प्रश्न छोट्या पाणीयोजना चालवणाऱ्या माणसांकडून मी सतत ऐकतो. याच्या बरोबर उलटा प्रश्नही येतो, की लॅबचा रिपोर्ट चांगला आलाय, मग आता रोज उठून क्लोरीन कशाला बघायचा. दोन्ही विचारणारे मनापासून काम करणारे लोक असतात, पण दोघांच्या डोक्यात घोळ एकच असतो, की या एकाच गोष्टीच्या दोन टेस्ट आहेत, एक झटपट आणि एक सविस्तर. तसं नाहीये. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि एकीचं उत्तर दुसरीच्या रकान्यात भरलं की लोक आजारी पडतात.

क्लोरीनची टेस्ट तुम्हाला पाठ असणार, म्हणून पटकन सांगतो. नळाचं पाणी ट्यूबमध्ये घ्यायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब टाकले तर पिवळं होतं, डीपीडी या दुसऱ्या रसायनाची गोळी टाकली तर गुलाबी होतं, रंग कार्डाशी जुळवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे क्लोरीन मिसळून निदान ३० मिनिटं झाल्यावर पाण्यात ०.५ मिलीग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन शिल्लक पाहिजे, तोही पीएच ८ च्या खाली असताना, आणि नळाला पोचेपर्यंत किमान ०.२ तरी उरला पाहिजे. ओटी मला अजिबात आवडत नाही. मोकळ्या क्लोरीनलाही ती पिवळी होते आणि अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनलाही, आणि तो जोडलेला क्लोरीन जंतू मारायला फार कमजोर असतो, म्हणजे कार्डावर आकडा दिसतो पण पाण्यात तेवढा दम नसतो. शिवाय ऑर्थोटोलिडीन हे रसायनच कॅन्सरच्या संशयितांपैकी आहे. डीपीडी मिळत असेल तर डीपीडीच वापरा. तिचाही एक धोका आहे, क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि माणूस शून्य लिहून टाकीत आणखी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ओततो. रंग येऊन गेला असं वाटलं तर तेच पाणी बिनक्लोरीनच्या पाण्याने दहापट पातळ करून परत बघा. आणि कृपा करून क्लोरीनसाठी बाटली भरून ऑफिसात नेऊ नका, तो वाटेत कमी होत जातो, नळापाशी उभं राहूनच बघायचा असतो.

जिवाणूंच्या टेस्टमध्ये आपण शोधतो ई-कोलाय. हे माणसांच्या आणि उबदार रक्ताच्या जनावरांच्या आतड्यात राहणारे जिवाणू. त्यातले बहुतेक प्रकार स्वतः काही करत नाहीत, पण ते पाण्यात सापडले म्हणजे विष्ठा पाण्यापर्यंत पोचलीये, आणि विष्ठा पोचली म्हणजे तिच्याबरोबर कॉलरा, टायफॉइड, कावीळ असलं काहीही पोचू शकतं. म्हणून नियम सरळ आहे, १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. पद्धती बऱ्याच आहेत, कुठे फिल्टरवर वसाहती वाढवतात, कुठे नळ्यांचा संच लावतात, कुठे पावडर टाकून २४ तास ३५ अंशांवर ठेवतात. त्या पावडरच्या टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं तर कोलिफॉर्म, म्हणजे ई-कोलाय ज्या मोठ्या गटात मोडतात ते जिवाणू, आहेत, आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकलं तर ई-कोलाय आहेत. म्हणजे बघा, ओटीत पिवळं आलं की बरं वाटतं आणि इथे पिवळं आलं की धावपळ करायची असते, त्यामुळे वहीत किंवा फोनवर नुसतं "पिवळं आलं" असं सांगणारा माणूस दिसला की मला राहवत नाही, कुठल्या टेस्टचं पिवळं ते सांगायलाच पाहिजे. एचटूएसची, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची, बाटली ही तिसरी भानगड, तिच्यात पाणी काळं झालं की दूषित असण्याची शक्यता धरायची, पण ती थेट ई-कोलाय मोजत नाही, सल्फाइड तयार करणारे जिवाणू दाखवते, आणि काही बोअरच्या पाण्यात सल्फाइड मुळातच असतं तिथे ती उगाच काळी होते. प्राथमिक चाळणी म्हणून ठीक आहे.

इथपर्यंत गडबड होत नाही. गडबड होते ती वेळेची, आणि मला खरं बोलायचंय ते याच्यावर.

क्लोरीनची टेस्ट सांगते की या क्षणी पाण्याजवळ स्वतःचं रक्षण करायला काही शिल्लक आहे का. समजा टाकीतून निघाल्यावर पुढे पाइप कुठे गटाराजवळ फुटलाय आणि सप्लाय बंद असताना बाहेरचं पाणी आत ओढलं जातंय, तर ते मारायला पाण्यात काही उरलंय की नाही, ते ही टेस्ट सांगते. ती पुढचं बघते. जिवाणूंची टेस्ट मागचं बघते. बाटली भरली त्या मिनिटाला त्या नळातून जे १०० मिलिलिटर आलं त्यात विष्ठेची खूण होती का, एवढंच तिला माहितीये, आणि तेही कळतं जिवाणू वाढल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नेण्याआणण्याचा वेळ धरला तर तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत ते पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असतं. लॅबचा रिपोर्ट हातात येतो तेव्हा तो आजच्या पाण्याबद्दल नसतो, ही साधी गोष्ट लोक विसरतात, कारण कागदावर तारीख रिपोर्टची ठळक असते आणि सॅम्पलची बारीक.

आणि ते १०० मिलिलिटर म्हणजे किती ते पण बघा. ५० हजार लिटरची टाकी असेल तर पाच लाखांतला एक भाग. ५ हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या नळयोजनेसाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षाला १२ सॅम्पल सुचवते, म्हणजे वर्षभरात आपण सगळं मिळून सव्वा लिटरसुद्धा पाणी तपासत नाही, आणि त्यावर "आमचं पाणी तपासलेलं आहे" असं वर्षभर सांगतो. सॅम्पल कमी घेतात म्हणून ओरडत नाहीये मी, छोट्या योजनेला तेवढंच झेपतं. म्हणूनच मधले साडेतीनशे दिवस क्लोरीनने भरून काढायचे असतात.

आता दोन्ही टेस्ट एकाच नळावर एकाच वेळी केल्या तर काय काय दिसू शकतं ते बघू. क्लोरीन आहे आणि ई-कोलाय नाहीत, छान, पुढे चला. क्लोरीन शून्य आणि ई-कोलाय आहेत, हे सगळ्यांना कळतं, त्यावर बोलायला नको. फसतात ते बाकीच्या दोन ठिकाणी.

क्लोरीन शून्य आणि ई-कोलाय नाहीत. हा रिपोर्ट बघून लोक म्हणतात, बघा, क्लोरीनशिवायही आमचं पाणी शुद्ध आहे. मला सगळ्यात जास्त भीती या रिपोर्टची वाटते. त्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी, त्या वेळी, त्या नळात घाण आली नव्हती. उद्या पाऊस पडला, विहिरीच्या कठड्यावरून पाणी आत गेलं, किंवा पाइपाचा जोड सुटला, तर अडवायला पाण्यात काहीच नाही. मी लॅबच्या कागदांची एक फाइल बघितली होती, सलग कितीतरी रिपोर्ट "पिण्यास योग्य", आणि रोजच्या वहीत क्लोरीनच्या रकान्यात बरेच दिवस शून्य नाहीतर कोरं, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं कारण शिक्का होता ना.

चौथी शक्यता, क्लोरीन आहे तरी ई-कोलाय सापडले. इथे लोक लगेच लॅबला खोटं ठरवतात. तसं करायच्या आधी बघा, क्लोरीन टाकल्यापासून ३० मिनिटं झाली होती का, की टाकीत पावडर ओतून लगेच व्हॉल्व्ह उघडला. पाणी गढूळ होतं का, कारण मातीच्या कणांच्या आड जिवाणू लपतात, क्लोरीन देण्याआधी गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) खाली असावा तो यासाठीच. त्या नळाच्या अगदी जवळ गळती आहे का, म्हणजे घाण नुकतीच मिसळली आणि क्लोरीनला वेळच मिळाला नाही. आणि हो, सॅम्पल घेणाऱ्याचं बोट बाटलीच्या तोंडाला लागलं होतं का, हेही विचारा, पण ते सगळ्यात शेवटी.

कॅनडातल्या वॉकरटन गावाचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण तिथे या दोन टेस्टमधलं अंतर दिवसांत मोजता येतं. साधारण ५ हजार वस्तीचं गाव, विहिरींवरची छोटी योजना. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला आणि १२ मेच्या सुमाराला शेतातल्या गुरांच्या शेणाची घाण एका उथळ विहिरीत उतरली. सॅम्पल घेतलं १५ तारखेला, लॅबने दूषित म्हणून कळवलं १७ तारखेला, ते योजना चालवणाऱ्यांनी दाबून ठेवलं, आणि पाणी उकळून प्या अशी सूचना लोकांना मिळाली २१ तारखेला. ७ माणसं गेली, २,३०० हून जास्त आजारी पडली. चौकशीत निघालं की क्लोरीन रोज मोजलाच जात नव्हता, वहीत ०.५ आणि ०.७५ असे आकडे नुसते लिहून ठेवले जात होते. एवढी घाण पाण्यात आल्यावर क्लोरीन तिच्याशी लढण्यातच खर्च होतो आणि शिल्लक आकडा धाडकन खाली येतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी खरंच ट्यूब हातात घेतली असती तर लॅबच्या कितीतरी आधी कळलं असतं. चौकशी आयोगाचाही निष्कर्ष तोच होता, त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती, आणि नुसतं रोज मोजलं असतं तरी तिची व्याप्ती खूप कमी झाली असती. म्हणून मी म्हणतो की कालपर्यंत ०.५ येणारा नळ आज त्याच डोसला ०.१ दाखवत असेल तर ती नुसती "डोस वाढवा" ची खूण नाही, पाण्यात काहीतरी नवीन आलंय अशी ती बातमी आहे, आणि जिवाणूंचं सॅम्पल घ्यायची खरी वेळ ती आहे, महिन्याची ठरलेली तारीख नाही.

मग फक्त क्लोरीनवरच राहायचं का, तर तेही नाही. क्लोरीनचा आकडा तो कशाशी लढतोय ते सांगत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन दिलेल्या पाण्यातूनच त्याने अंदाजे ४ लाख लोकांना आजारी पाडलं, तिथे गाळण नीट झालं नव्हतं. आणि ई-कोलाय क्लोरीनने पटकन मरतात, विषाणू आणि परजीवींपेक्षा लवकर, त्यामुळे क्लोरीनच्या पाण्यात ई-कोलाय नाहीत म्हणजे बाकी काहीच नाही असंही म्हणता येत नाही. म्हणून विहिरीचं किंवा बोअरचं कच्चं पाणी, क्लोरीन टाकायच्या आधीचं, अधूनमधून तपासा. तिथे जिवाणूंची टेस्ट सगळ्यात जास्त बोलते, उगमच घाण होतोय का ते सांगते, आणि छोट्या योजनांत तेच सॅम्पल कोणी घेत नाही.

बाटलीबद्दल बोलल्याशिवाय मला हा विषय सोडवत नाही. क्लोरीनच्या पाण्याचं जिवाणूंसाठी सॅम्पल घेतो त्या निर्जंतुक बाटलीत तळाला थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. का, तर ते नसेल तर वाटेत तासन्‌तास क्लोरीन बाटलीतल्या जिवाणूंना मारत राहतो आणि लॅबला पोचतं ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ निघतं. आणि आपले लोक काय करतात, सवयीने बाटली आधी दोनदा विसळतात, स्वच्छ हवी म्हणून. थायोसल्फेट गेलं वाहून. रिपोर्ट चांगला येतो आणि तो खोटा असतो. विसळू नका, काठोकाठ भरू नका, झाकणाच्या आत बोट लावू नका, बर्फाच्या डब्यातून न्या आणि जमलं तर ६ तासांत, फार तर २४ तासांत लॅबमध्ये टेस्ट सुरू झाली पाहिजे. आणि बाटली भरली त्याच नळाला त्याच मिनिटाला क्लोरीन बघून तो आकडा सॅम्पलच्या चिठ्ठीवर लिहा. तो नसेल तर रिपोर्ट मी अर्धाच धरतो, कारण वर सांगितलेल्या चारपैकी आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लोकांना उकळून प्यायला सांगायचं ते आधी, कशाचीही वाट न बघता. मग त्या नळाला जाऊन क्लोरीन मोजा, तिथलंच परत सॅम्पल घ्या, त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नळाचंही घ्या, टाकीचं आणि उगमाचं घ्या, आणि हे सगळं झाल्यावर मग डोस वाढवा. नेहमी उलटं होतं, घाबरून आधी टाकीत डब्बेच्या डब्बे टीसीएल ओततात, मग सॅम्पल घेतात, ते अर्थातच निगेटिव्ह येतं, आणि घाण कुठून आली होती ते शोधायची जागाच उरत नाही. या सगळ्या सॅम्पलना मिळून जेमतेम अर्धा तास लागतो.