दगड की पट्टा? वस्तऱ्याची धार नेमकी कुठे बिघडते

वस्तरा केस कापायचं सोडून ओढायला लागला की नवखा माणूस दोनपैकी एक करतो. एक तर तासभर दगडावर घासत बसतो, नाहीतर चामड्याच्या पट्ट्यावर दोनशे फेरे मारतो. दोन्हींना तो ‘धार लावणं’च म्हणतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. दगड पोलाद खरवडून नवी धार घडवतो. पट्टा असलेली धार सरळ आणि स्वच्छ ठेवतो, पोलाद जवळपास काढतच नाही. गोल झालेली धार पट्ट्यावर परत येत नाही. उलट फक्त पट्ट्याचं काम बाकी असलेला वस्तरा दरवेळी दगडावर घासला, तर पातं विनाकारण झिजतं.

दिसायला सगळ्यात ठळक फरक दिशेचा. दगडावर धार पुढे आणि पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची जाड कड, मागे, जणू दगडाचा पातळ पापुद्रा सोलून काढायचा आहे. पट्ट्यावर नेमकं उलट: पाठ पुढे, धार तिच्यामागून सरकत येते. पट्ट्यावर धार पुढे ढकलली की चामडं कापलं जातं आणि धारही जाते. परतताना मात्र दोन्हीकडे रीत एकच. पातं पाठीवर लोळवून उलटायचं, पाठ टेकलेलीच ठेवायची. पट्ट्याला पडणाऱ्या बहुतेक चिरा या वळणावरच्या घाईतून पडतात.

आधी दगड, कारण खरी अडचण तिथे आहे. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात ती सोय बनवणाऱ्यानेच करून ठेवलेली असते: पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवल्या की कोन आपोआप ठरतो. पाठ ६ मिलिमीटर जाड आणि पात्याची रुंदी २० मिलिमीटर असेल, तर धारेचा एकूण कोन साधारण १७ अंश येतो. पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावतात. एका थराने हा कोन जेमतेम एका अंशाने वाढतो, त्याने काही बिघडत नाही. पण एकदा पट्टी लावून धार काढली आणि पुढच्या खेपेला पट्टीशिवाय बारीक दगडावर गेलात, तर दगड धारेच्या टोकापर्यंत पोचणारच नाही.

पहिला दगड १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). इथे एकच काम: धारेलगतचे दोन्ही बाजूंचे घासलेले उतार एका रेषेत नेमके भेटले पाहिजेत, टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत, मध्ये कुठेही खंड न पडता. नव्वद टक्के अपयश इथलं असतं आणि खापर शेवटच्या महागड्या दगडावर फुटतं. तपासायला मार्कर पेन पुरतो. उतारावर शाई फासा, दोन-चार हात मारा आणि भिंगातून बघा. अगदी कडेला शाई उरली असेल, तर दगड धारेपर्यंत पोचलेला नाही. शाई मध्येच कुठे उरली असेल, तर दगड सपाट नाही किंवा पातं वाकडं आहे. काम झालं की मनगटाजवळचे केस पात्याच्या पूर्ण लांबीवर निघायला हवेत. एखाद्या ठिकाणी निघत नसतील तर पुढच्या दगडाला हात लावू नये. बारीक दगड फक्त चकाकी आणतो, उतार भेटवत नाही.

पुढे ४००० किंवा ५०००, मग ८०००, मग हवा तर १२०००. प्रत्येक दगडाचं काम एवढंच की आधीच्या दगडाचे ओरखडे पुसायचे. ८००० वर नीट काम झालं असेल तर दाढी होते, १२००० ने ती मऊ होते. दाब उतरत जायला हवा: १००० वर बोटाचा हलका भार चालतो, शेवटच्या दगडावर पात्याचं स्वतःचं वजन पुष्कळ. जोर दिला की बारीक धार वाकते, आणि आपण घासतोय म्हणजे सुधारतंय या भ्रमात ती आणखी वाकवत राहतो.

दगडाची सपाटीही अशीच दुर्लक्षित राहते. पाण्याचे दगड मध्ये खोलगट होतात. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट पत्र्यावर, वाहत्या पाण्याखाली तो घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. नवा दगडही सपाट असेल असं धरून चालू नये. हात मारताना पातं तिरकं सरकवायचं: सुरुवातीला टाच दगडावर, शेवटी टोक. त्यामुळे दगडाच्या कडांची झीज धारेवर उमटत नाही. मुठीजवळचा जाड भाग दगडावर चढला तर टाचेकडची धार उचलली जाते. पातं थोडं बाहेर सरकवलं की हे टळतं.

पट्ट्याची गोष्ट त्या मानाने लहान. दाढीआधी पट्ट्याच्या कापडी बाजूवर २० ते ३० फेरे, मग चामड्यावर ४० ते ६०. कापड ओल आणि कचरा काढतं, चामडं धार सरळ करतं. पट्टा ताणून धरा. सैल पट्टा पात्याच्या भाराने खाली दबतो आणि धार पुढे सरकताच तिच्यामागे वर उसळतो. तो धारेला वळसा घालतो आणि तिला गोल करून टाकतो. दगडावर दोन तास खर्चून मिळवलेली धार सैल पट्ट्यावर दहा फेऱ्यांत जाते, हे सांगितलं तर पटत नाही, पण करून बघता येतं. दाब नको, वेगही नको. सुरुवातीला एक फेरा सावकाश मोजत मारला तरी काम तेवढंच होतं.

या दोघांमध्ये एक तिसरा आहे, म्हणून गोंधळ वाढतो: पेस्ट लावलेला पट्टा. क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे ०.५ मायक्रॉन कणांची हिरवी घासणारी पेस्ट, लावलेल्या पट्ट्यावर दिशा पट्ट्याचीच, पण काम थोडंसं दगडाचं होतं, कारण तो पोलाद खातो. दाढी खरबरीत वाटू लागली की त्यावर दहा फेरे पुरतात आणि दगडाची वेळ काही महिने लांबते. मात्र हा रोजच्या पट्ट्याला पर्याय नाही. वारंवार वापरल्यास धारेचं टोक गोल होत जातं आणि शेवटी दगडच गाठावा लागतो. पेस्टचा पट्टा नेहमी वेगळा ठेवावा. साध्या चामड्यावर पेस्टचा कण गेला की तो पुन्हा साधा राहत नाही.

मग दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं? दगडाचं काम संपल्यावर पट्ट्याकडे जाण्याआधी एक सुटा केस टोकाला धरून लोंबकळता ठेवा आणि धारेवर आणा. तो सहज तुटला आणि पट्ट्यानंतर तुटेनासा झाला, तर पट्टा सैल आहे किंवा हात जड आहे. दोन्ही वेळा अडला, तर १००० च्या दगडावर परत जा. आधी अडला आणि पट्ट्यानंतर तुटला, तर सगळं ठीक चाललंय. धारेत नुसत्या डोळ्यांना दिसणारा खाचा असेल तर मात्र ही चाचणी करूच नका. तो पट्ट्याचा किंवा बारीक दगडाचा प्रश्न नाही, तिथे १००० वरच, गरज पडल्यास त्याहून जाड दगडावर, खाचा संपेपर्यंत पोलाद काढावं लागतं.