उखळ

उखळ : धान्य कांडण्याचे, तसेच मिरची, हळकुंडे, शेंगदाणे इ. कुटण्याचे खोलगट, दगडी किंवा लाकडी साधन. जुन्या वाड्यांत ते जमिनीत पुरलेलेही आढळते. त्यात घाव घालण्याचे मुसळ लाकडी असून त्याच्या टोकाला बहुधा लोखंडी कडे बसवतात. सोलापुरात उखळाचे नाव आज मुख्यतः शेंगाचटणीशी जोडलेले आहे. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ एकत्र करून तेल सुटेपर्यंत कुटल्याने या चटणीला तिचा ओलसर, दाट पोत येतो.

‘उखळ’ हा शब्द संस्कृत ‘उलूखल’वरून प्राकृतामार्गे मराठीत आला असून हिंदीतील ‘ओखली’ त्याच कुळातील आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 28 व्या सूक्तात त्याचा ‘उलूखलक’ असा लाडिक उल्लेख येतो : घरोघरी तुला कामाला जुंपत असले, तरी इथे विजयी वीरांच्या दुंदुभीसारखा घुम, असे ऋषी त्याला सांगतो. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या ग्रंथात उरुकर (पुष्कळ करणारे), ऊर्ध्वख (वर पोकळी असलेले) आणि ऊर्क्कर (अन्न देणारे) अशा तीन व्युत्पत्ती सुचवल्या आहेत. एका शब्दाला तीन पर्याय द्यावे लागले, यावरून त्याचे मूळ त्या काळीही धूसर झाले असावे असे दिसते. हा शब्द आर्येतर भाषांतून संस्कृतात आला असावा, असेही मत भाषाशास्त्रात मांडले गेले आहे.

या मताच्या संदर्भात सोलापूरची बहुभाषिकता लक्षणीय ठरते. मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या या शहरात उखळाला कन्नडमध्ये ‘ओरळु’ व तेलुगूमध्ये ‘रोलु’ म्हणतात, तर मुसळाला अनुक्रमे ‘ओनके’ व ‘रोकलि’ म्हणतात. तमिळमधील ‘उरल’ (उखळ) आणि ‘उलक्कै’ (मुसळ) हे शब्दही याच द्राविडी परंपरेतील आहेत. केवळ उच्चारसाम्यावरून ‘उलूखल’चा ‘उलक्कै’शी संबंध सिद्ध होत नाही, मात्र आर्य आणि द्राविडी या दोन्ही शब्दपरंपरा सोलापूरच्या बोलीव्यवहारात शेजारी नांदतात. चित्रदुर्गच्या किल्ल्यात हैदर अलीच्या सैनिकांना मुसळाने ठार करणाऱ्या ओबव्वेला कन्नड लोकपरंपरेने दिलेले ‘ओनके ओबव्वा’ हे नाव याच साधनावरून पडले.

मराठीत या जोडीला लाक्षणिक अर्थही पुष्कळ आहेत. भरपूर धान्य कांडले की उखळ पिठाने पांढरे दिसते, म्हणून ‘उखळ पांढरे होणे’ म्हणजे भरभराट होणे. हल्ली मात्र गैरमार्गाने पैसा मिळवणाऱ्यासाठी हा वाक्प्रचार उपरोधानेच अधिक वापरला जातो. ‘उखळात डोके घातल्यावर मुसळाची भीती कशाला’ ही म्हण पत्करलेल्या संकटाविषयी आहे. पावसाच्या जाड सरींना ‘मुसळधार’ म्हणतात, तर आखूड, रुंद तोंडाच्या आणि गोळा उंच फेकणाऱ्या तोफेला तिच्या आकारावरून ‘उखळी तोफ’ हे नाव मिळाले आहे.