दार फुगतं, पण नेमकं किती?

घराचं पुढचं दार स्वतःच्या हाताने करायचं ठरलं. सागवानाच्या फळ्या कडेला कडा लावून चिकटवल्या आणि ९० सेंटिमीटर रुंदीचा सलग पाट तयार केला. कोरड्या हवेत तो चौकटीत छान बसेल. हवा दमट झाली की तोच पाट जवळजवळ एक सेंटिमीटरने रुंदावेल आणि दार उघडेनासं होईल. उंची मात्र होती तेवढीच राहील.

याचं कारण लाकडाच्या रचनेत आहे. लाकडाच्या बहुतेक पेशी खोडाच्या लांबीला समांतर असतात आणि पेशीभित्तीतले सेल्युलोजचे तंतूही बहुतांशी त्याच दिशेने. हवेतली वाफ या तंतूंच्या मध्ये शिरते आणि त्यांना बाजूला सारते. म्हणून लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. आडव्यातही वलयांच्या वळणाने होणारा बदल गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडातला ओलावा सावकाश ९ टक्क्यांवर येऊन थांबतो. ८० टक्क्यांना तो १६ च्या घरात जातो. वरचा सेंटिमीटर या फरकातून येतो.

ही ओढ कुठल्याही गोंदाने वा स्क्रूने रोखता येत नाही. फार आवळलं तर फळी तडकते. जुन्या सुतारांनी काढलेली तोड मला आजही सगळ्यात हुशार वाटते: दोन उभ्या पट्ट्या, दोन-तीन आडव्या, आणि मधल्या खोबणीत मोकळं सोडलेलं पॅनेल. आडव्या पट्टीची लांबी बदलत नाही, त्यामुळे दाराच्या रुंदीत फुगतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. प्रत्येकी १२ सेंटिमीटर धरली तर दोन्ही मिळून जेमतेम तीन मिलिमीटर. पॅनेल खोबणीतल्या खोबणीत हलतं. त्याच्या कडेला गोंदाचा थेंबही लागता कामा नये.

खालची पट्टी २० सेंटिमीटर रुंद ठेवली, तर तिचं कुसूही (उभ्या पट्टीच्या खाचेत बसणारं तिचं टोक) तेवढंच रुंद करायचा मोह होतो. पण ही पट्टी उंचीच्या दिशेने दोनेक मिलिमीटर हलणार आणि जिच्यात ती बसली आहे ती उभी पट्टी त्या दिशेने हलणार नाही. गोंद उखडतो तो इथेच. म्हणून एका रुंद कुसवाऐवजी मध्ये जागा सोडून दोन अरुंद कुसवं करतात.

लाकूड पुरतं वाळलंय का, हे मीटरशिवायही कळतं. फळीच्या टोकापासून थोडं आत एक तुकडा कापा, वजन करा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवा. ५७ ग्रॅमचे ५० झाले, तर उडालेलं ७ ग्रॅम पाणी भागिले कोरडं वजन, म्हणजे ओलावा १४ टक्के.

पॉलिश किंवा रंग ओलाव्याला अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. लाकडाच्या आडव्या कापातून पाणी सगळ्यात झपाट्याने आत जातं आणि उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी दाराच्या वरच्या-खालच्या कडेला येतात. या कडा बिजागऱ्या लावण्याआधीच दोन-तीन हात देऊन बंद कराव्यात. दार टांगल्यावर खाली ब्रश पोचत नाही. फटीचा हिशेबही तेव्हाच करून ठेवावा. बिजागरीची बाजू जागची हलत नाही, त्यामुळे दाराची वाढ बहुतेक सगळी कुलपाच्या बाजूला दिसते. कोरड्या दिवसांत दार बसवत असाल, तर तिकडे वाढीचे तीन मिलिमीटर नेहमीच्या फटीपेक्षा जास्त सोडा.