बेसमेंटमधली एग्रेस खिडकी: परमिटचा अर्ज परत का येतो

अमेरिकेत बेसमेंटमध्ये झोपायची खोली काढायची, तर त्या खोलीतून थेट बाहेर पडता येईल अशी (एग्रेस) खिडकी किंवा दार हवंच. जिन्यात धूर कोंडला की खाली झोपलेल्यांना दुसरी वाट उरत नाही. शिवाय पाठीवर हवेची टाकी घेतलेल्या अग्निशमन जवानाला तिथूनच आत शिरावं लागतं. बहुतेक ठिकाणचे नियम इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नमुना नियमावलीच्या आर३१० कलमावर बेतलेले असतात, पण शहर किंवा काउंटी त्यात बदल करते. म्हणून आपल्याकडे कोणत्या वर्षाची आवृत्ती चालते, हे बिल्डिंग डिपार्टमेंटला आधी विचारा.

नकाशावर ‘स्टडी’ लिहून या नियमातून सुटू पाहणारे बरेच असतात. कृपा करून तसं करू नका. उद्या त्या खोलीत आपलंच कुणीतरी झोपणार आहे.

सगळ्यात जास्त अर्ज मापावर अडतात. कोड सांगतो: उघडलेल्या खिडकीची मोकळी जागा किमान २४ इंच उंच आणि किमान २० इंच रुंद हवी. लोक तेवढंच वाचून खिडकी मागवतात. पण २० गुणिले २४ म्हणजे जेमतेम ३.३ चौरस फूट, आणि त्याच कलमात मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट हवी असंही लिहिलेलं आहे. म्हणजे रुंदी २० इंच ठेवली तर उंची ४१ इंचांच्या थोडी वर जाते. खिडकीची खालची कड बाहेरच्या जमिनीपासून ४४ इंचांच्या आत असेल तर ५ चौरस फूट चालतात. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, त्यामुळे बाहेरून भलीमोठी दिसणारी खिडकीही नापास होते. खिडकीच्या माहितीपत्रकात ‘नेट क्लिअर ओपनिंग’, म्हणजे उघडल्यावरची मोकळी जागा, हा आकडा शोधा, आपल्या मॉडेलवर खूण करा आणि ते पान अर्जाला जोडा. खिडकीची ऑर्डर मंजुरीनंतरच द्या. आतल्या बाजूने खिडकीची खालची कड तयार फरशीपासून ४४ इंचांहून उंच चालत नाही.

बाहेरचा खड्डा, म्हणजे विंडो वेल, किमान ९ चौरस फुटांचा आणि लांबीला व रुंदीला किमान ३६ इंच हवा. तो ४४ इंचांहून खोल असेल तर कायमची शिडी किंवा पायऱ्या लागतात. त्यातलं पाणी कुठे जाणार, हे नकाशावर दाखवायला लोक हमखास विसरतात.

आता बहुतेकांच्या हाताशी नसलेले कागद. प्लॉटचा नकाशा घर घेतानाच्या क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होतानाच्या) कागदांत सापडू शकतो. पाया कापायचा म्हणून अनेक डिपार्टमेंट इंजिनिअरचा शिक्का असलेलं पत्र मागतात, आणि हे बऱ्याचदा अर्ज परत आल्यावरच कळतं. ही गोष्ट पहिल्याच पानावर ठळक छापायला काय हरकत आहे? जुन्या खिडकीची रुंदी तीच ठेवून फक्त खाली कापलं, तर वरची तुळई सहसा बदलावी लागत नाही. तरीही पत्र लागेल का, ते विचारून घ्या.

मुदतीचाही घोळ होतो. मूळ कोडमध्ये परमिट मिळाल्यापासून दिलेले १८० दिवस काम सुरू करण्यासाठी आहेत, संपवण्यासाठी नव्हेत. मात्र सुरू झालेलं काम १८० दिवस बंद राहिलं तरी परमिट रद्द होतं. मुदतवाढ लेखी आणि सबळ कारण देऊन मागावी लागते. तपासणाऱ्याने काढलेल्या त्रुटींना उत्तर दिलं नाही, तर अर्जही निकाली निघतो.

फी, फॉर्म, सही हे सरळ आहे. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना असेल, तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते, सिटीचं परमिट तिथे चालत नाही. खोदण्याआधी ८११ ला फोन करा. गॅस-विजेच्या लाइनींच्या खुणा फुकट करून मिळतात. आणि पाण्याचा निचरा इन्स्पेक्टरने पाहिल्याशिवाय त्यासाठीचं खोदकाम बुजवू नका, नाहीतर ते पुन्हा उकरायला लावतात.